डाळिंबाचं पान, बसाल्ट आणि ओढ्याचं पाणी: कोणत्या कामाला कोणता मायक्रोस्कोप?

माणदेशी:
नमस्कार मंडळी. सांगोला भागातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि भूशास्त्र मिळून एक सामाईक प्रयोगशाळा उभी करायची आहे. सध्या ४, १० आणि ४० पटीचे ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळचं भिंग) असलेले, आरशावर चालणारे विद्यार्थी मायक्रोस्कोप आहेत. नमुने येतात ते असे: शेतकरी तेल्या रोगाची डाळिंबाची पानं आणतात, केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांची द्राक्षाची पानं आणतात, सोबत फुलकिडे, पिठ्या ढेकूण वगैरे. मुलांना बसाल्टचे पातळ काप आणि पोकळ्यांतले झिओलाइट (पाणी धरून ठेवणारी खनिजं) दाखवायचे आहेत. शिवाय ओढ्याच्या पाण्यातलं प्लवक (तरंगणारे सूक्ष्मजीव) आणि डायटम (सिलिकाच्या कवचाची सूक्ष्म शेवाळं).

खरेदी समितीत तीन मतं पडली आहेत. एक म्हणतं २००० पट दाखवणारा, कॅमेरा बसणारा एकच भारी मायक्रोस्कोप घ्या. दुसरं म्हणतं फ्लुओरेसन्स (नमुन्यातला रंग चमकवून दाखवणारा) घ्या. तिसरं म्हणतं कुठूनतरी वापरलेला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळवू. एकाच यंत्रात हे सगळं बसवता येईल का? नसेल तर आधी काय घ्यावं?

शेवाळ:
एका यंत्रात बसणार नाही. आणि २००० या आकड्यावर तर निर्णय अजिबात घेऊ नका. मायक्रोस्कोप किती बारीक तपशील वेगळा दाखवतो हे ऑब्जेक्टिव्हच्या न्यूमरिकल ॲपर्चरवर, म्हणजे एनएवर ठरतं. हिशोब सोपा आहे: ०.६१ गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, भागिले एनए. हिरवा प्रकाश ०.५५ मायक्रॉनचा धरला तर १०/०.२५ (पट/एनए) चा ऑब्जेक्टिव्ह १.३ मायक्रॉनपर्यंत जातो, ४०/०.६५ चा साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंत आणि १००/१.२५ चा ऑइल ऑब्जेक्टिव्ह ०.२७ मायक्रॉनपर्यंत. एकूण पट एनएच्या हजारपटीपलीकडे नेली की चित्र मोठं होतं, पण नवीन काही दिसत नाही. म्हणजे १.२५ एनएला १२५० पटीवर गाडी थांबते. १०० च्या ऑब्जेक्टिव्हवर २० चा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावून २००० लिहिलेलं यंत्र तेच चित्र जास्त अंधारं आणि पुसट करून दाखवतं. यूएसबीवर चालणाऱ्या '१६०० पट' खेळण्यांबद्दलही हेच. तो आकडा पडद्याच्या आकारावरून काढलेला असतो.

तुमच्या पानांच्या कामाला १०, ४० आणि १०० प्लॅन ॲक्रोमॅट (कडेपर्यंत सपाट चित्र देणारे) ऑब्जेक्टिव्ह, एलईडी दिवा, वरखाली होणारा आणि मध्यावर आणता येणारा ॲबे कंडेन्सर (प्रकाश नमुन्यावर एकवटणारं भिंग), एवढं असलेला त्रिनेत्री (कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला) मायक्रोस्कोप पुरेसा आहे. दिव्याजवळ फील्ड डायफ्रॅम (प्रकाशाचं वर्तुळ लहानमोठं करणारी झडप) असलेलाच घ्या. १८९३ साली ऑगस्ट कोहलर यांनी सांगितलेली प्रकाशयोजना त्याशिवाय नीट लावता येत नाही, आणि साध्या यंत्रातून चांगलं चित्र मिळण्याचं अर्धं श्रेय तिचंच असतं. पद्धत अशी: १० वर स्लाइड फोकस करा. फील्ड डायफ्रॅम पूर्ण मिटा. कंडेन्सर वरखाली करून डायफ्रॅमच्या कडा धारदार करा. बाजूच्या दोन स्क्रूंनी तो प्रकाशाचा ठिपका मध्यावर आणा, मग कडा दृष्टिक्षेत्राच्या जेमतेम बाहेर जातील इतकाच उघडा. आता आयपीस काढून नळीतून आत बघा आणि कंडेन्सरचा डायफ्रॅम उजळ वर्तुळाच्या तीन चतुर्थांशावर ठेवा. ऑब्जेक्टिव्ह बदलला की शेवटची पायरी पुन्हा करायची.

उजेड जास्त झाला म्हणून कंडेन्सर खाली ओढायची सवय मुलांना लागू देऊ नका. त्याने एनए घटतो आणि पेशीच्या कडेला काळ्या-पांढऱ्या खोट्या रेघा उमटतात. उजेड दिव्याच्या बटणानेच कमी करायचा.

आता तेल्या. हा झॅन्थोमोनास जिवाणूचा रोग असल्यामुळे पहिली चाचणी पाझराची. डागाच्या हिरव्या-तपकिरी सीमेवरचा ३-४ मिलिमीटरचा तुकडा नव्या ब्लेडने कापा, स्वच्छ पाण्याच्या थेंबात ठेवून कव्हरस्लिप टाका, मिनिटभर थांबा आणि १० वर कंडेन्सरचा डायफ्रॅम बराच मिटून बघा. (इथे तो मिटणं मुद्दाम आहे, कारण नमुन्याला रंग नाही.) कापलेल्या कडेतून धुरासारखा लोंढा सलग बाहेर येताना दिसला तर जिवाणू. शेजारी निरोगी पानाचा तुकडा तसाच ठेवलाच पाहिजे, कारण फुटलेल्या पेशींतली हरितलवकंही बाहेर पडतात. ती मात्र मोठी, हिरवी असतात आणि लवकर थांबतात. वाळलेल्या जुन्या डागातून किंवा नुकत्याच फवारलेल्या पानातून पाझर येईलच असं नाही, त्यामुळे लोंढा दिसला नाही एवढ्यावरून 'तेल्या नाही' असं लिहून देऊ नका. एकेक जिवाणू बघायचा तर ग्रॅम स्टेन आणि १०० चा ऑइल.

केवडा आणि भुरी यांना १० आणि ४० बास. पानाच्या खालच्या बाजूची पांढरी वाढ पारदर्शक चिकटपट्टीने अलगद उचला आणि लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूच्या थेंबावर चिकटवा. केवड्याचे बीजाणुदंड झाडासारखे, फांद्या साधारण काटकोनात फुटलेले दिसतात, टोकाला लिंबाच्या आकाराचे बीजाणू. भुरीत मात्र लंबगोल बीजाणूंची माळ सरळ उभी असते. केवड्याचा पिवळा तेलकट डाग आहे पण पांढरी वाढ नाही, असं पान आलं तर खालची बाजू वर करून ओल्या टिपकागदावर, बंद डब्यात, २० ते २२ अंशांवर, अंधारात रात्रभर ठेवा. सकाळी बहुधा वाढ मिळते. चिकटपट्टीवरची स्लाइड १०० खाली नेऊ नका. पट्टीची जाडी आणि तिचा डिंक मिळून चित्र बिघडवतात.

पाण्यातल्या जिवंत, रंगहीन जिवांसाठी फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे प्रकाशलहरींतला फरक उजेड-अंधारात बदलून दाखवणारी पद्धत. फ्रिट्स झर्निके यांना याच पद्धतीसाठी १९५३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यात कंडेन्सरमधली प्रकाशाची कडी आणि ऑब्जेक्टिव्हमधली फेज कडी एकमेकांवर तंतोतंत बसावी लागते. फेज टेलिस्कोप लावून ती स्क्रूंनी जुळवायची. जुळली नाही तर चित्र साध्या मायक्रोस्कोपापेक्षाही वाईट दिसतं आणि दोष यंत्राला दिला जातो. थर पातळ हवा: १८ मिलिमीटर चौरस कव्हरस्लिपखाली ८ मायक्रोलिटर पाणी घातलं की सुमारे २५ मायक्रॉनचा थर होतो. जाड नमुन्यात वस्तूंभोवती पांढरी प्रभा येते आणि कडा कळत नाहीत.

फेजला पैसे नसतील तर डार्कफील्ड (काळ्या पार्श्वभूमीवर उजळ नमुना) जवळजवळ फुकट होतं. कंडेन्सरच्या फिल्टर खाचेत पारदर्शक ॲक्रिलिकवर चिकटवलेली काळी चकती ठेवा. आयपीस काढून बघत चकतीचा आकार असा ठरवा की थेट प्रकाश जेमतेम झाकला जाईल. १० आणि २० वर छान चालतं. ४० वर कंडेन्सर स्लाइडला भिडेपर्यंत वर न्यावा लागतो आणि स्लाइड अगदी स्वच्छ हवी, कारण धुळीचा प्रत्येक कणही चमकतो.

कीड-रोग:
वरच्या प्रतिसादात किडे राहिले. त्यांना स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो, कंपाउंड नव्हे. ७ ते ४५ पट झूम आणि नमुन्यावर साधारण १०० मिलिमीटर मोकळी जागा, म्हणजे पान न कापता, सुई-चिमटा हातात धरून काम करता येतं. चित्रही सुलटं दिसतं. पिठ्या ढेकूण, मावा, कोळी, फळातली अळी हे सगळं इथेच.

सोबत मिळणारा गोल एलईडी दिवा चकचकीत पाठीच्या किड्यांवर नुसते पांढरे ठिपके पाडतो. त्याऐवजी किंवा त्याच्यासोबत बाजूने तिरका पडणारा, मान वळणारा दिवा घ्या. सावली पडली की पृष्ठभागाचे खड्डे-केस दिसू लागतात. झूम मध्येच कुठेतरी थांबवून मोजमाप करू नका. खटका लागतो अशाच जागी स्टेज मायक्रोमीटर (बारीक मापपट्टी कोरलेली स्लाइड) ठेवून आयपीस पट्टीची किंमत काढून ठेवा.

फुलकिड्यांची जात मात्र स्टिरिओखाली ठरत नाही. १० टक्के पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड, खत नव्हे) द्रावणात ठेवून शरीर पारदर्शक करायचं, धुवून अल्कोहोलमधून नेऊन कॅनडा बाल्सममध्ये बसवायचं आणि कंपाउंडच्या ४० वर शृंगिकेचे खंड आणि पंखांवरचे केस मोजायचे. पोटॅशमध्ये जास्त वेळ राहिला तर केसच गळून जातात, तेव्हा दर थोड्या वेळाने बघत राहा.

माझ्या मते तुमच्या यादीत पहिली खरेदी स्टिरिओची असावी. शेतकऱ्याने आणलेल्या पानावर डाग कुठे आहे आणि कुठून काप घ्यायचा, हे आधी तिथेच ठरतं.

कातळ:
भूशास्त्रासाठी ध्रुवक मायक्रोस्कोप वेगळाच लागतो, त्यात तडजोड नको. अंशांच्या खुणा असलेलं फिरतं स्टेज, खाली पोलरायझर (प्रकाश एकाच दिशेत कंपित करणारा फिल्टर), वर काढता-घालता येणारा तसाच दुसरा फिल्टर म्हणजे ॲनालायझर, पूर्ण-तरंग पट्टी घालायची खाच आणि ताणरहित काचेचे ऑब्जेक्टिव्ह. साधे ऑब्जेक्टिव्ह लावले तर काचेतल्याच ताणामुळे क्रॉस केलेल्या स्थितीत (दोन्ही फिल्टर एकमेकांना काटकोनात) पार्श्वभूमी पूर्ण काळी होत नाही. ऑब्जेक्टिव्ह मध्यावर आणायचे स्क्रू आहेत ना, तेही बघा. नाहीतर स्टेज फिरवलं की स्फटिक दृष्टिक्षेत्राबाहेर निघून जातो.

निव्वळ वर्गात दाखवायला आहे त्या विद्यार्थी मायक्रोस्कोपात कंडेन्सरखाली एक आणि आयपीसवर एक अशा ध्रुवक फिल्म आडव्या-उभ्या बसवा. रंग दिसतात, मुलांना मजा येते. पण कोन मोजता येत नाही.

खरा कस पातळ कापात आहे. जाडी ०.०३ मिलिमीटर हवी. दगडाची चकती कापून एक बाजू कार्बोरंडमच्या पुडीने २२०, ४००, ६००, १००० अशा बारीक होत जाणाऱ्या क्रमाने काचेवर घासायची. प्रत्येक पूड बदलताना चकती आणि हात दोन्ही धुवायचे, कारण २२० चा एक कण १००० मध्ये शिरला की चरे पडतात. मग घासलेल्या काचपट्टीवर इपॉक्सीने चिकटवायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. पट्टीवर अर्धा-एक मिलिमीटर जाडी राहील असं कापून पुन्हा घासत जायचं. जाडी मोजायला आपल्या दख्खनच्या बसाल्टमध्ये क्वार्ट्झ नसतं, तेव्हा प्लेजिओक्लेज या खनिजाच्या लांबट पट्ट्यांवर नजर ठेवा. क्रॉस स्थितीत त्या लाल-जांभळ्या दिसत असतील तर काप सुमारे ६० मायक्रॉनचा आहे. पिवळ्या झाल्या की ४० च्या आसपास. राखाडी-पांढऱ्या झाल्या की थांबा. त्याच वेळी ऑजाइट या दुसऱ्या खनिजाला दुसऱ्या श्रेणीतले निळे-हिरवे रंग आलेले असतात. शेवटचे १० मायक्रॉन यंत्रावर घालवू नका. हाताने, १००० वर, दर पाच-सात फेऱ्यांनी बघत. कडा मध्यापेक्षा आधी झिजतात, म्हणून बोटाचा दाब मध्यावर ठेवायचा.

झिओलाइट असलेले दगड जास्त त्रास देतात. पोकळीतले स्फटिक घासताना उपटून निघतात, त्यामुळे आधी पातळ इपॉक्सी निर्वातात मुरवून घ्यावी. स्टिल्बाइट-ह्युलँडाइट हे झिओलाइट तापवले की त्यांच्यातलं पाणी जातं, म्हणून गरम करून लावायचा कॅनडा बाल्सम इथे टाळा, थंडच घट्ट होणारी इपॉक्सी वापरा. कापात हे दोन्ही राखाडी दिसतात आणि अपवर्तनांक इपॉक्सीपेक्षा कमी असल्यामुळे खोलगट वाटतात. त्यांच्यासोबत सापडणारा ॲपोफिलाइट क्रॉस स्थितीत जवळजवळ काळा किंवा विचित्र निळसर-तपकिरी दिसतो. कॅल्साइट शेजारी असेल तर फक्त पोलरायझर ठेवून स्टेज फिरवा: त्याचा उठाव (कडांचा ठळकपणा) कमी-जास्त होत लुकलुकतो, झिओलाइटचा होत नाही.

माणदेशी:
मंडळी, मनापासून आभार. २००० चा विषय समितीपुरता मिटला. आता राहिले फ्लुओरेसन्स आणि इलेक्ट्रॉन. पानावरच्या बुरशीची आणि डायटमची चांगली चित्रं हवीत, आणि झिओलाइटचं रासायनिक विश्लेषण झालं तर फारच उत्तम. आणि डायटम साध्या मायक्रोस्कोपात पुसटच का दिसतात?

शेवाळ:
डायटमचं कवच सिलिकाचं, अपवर्तनांक पाणी आणि बाल्सम यांच्या मधला. भोवतालच्या माध्यमाशी फरक कमी म्हणून दिसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळून (धूरकक्षात, हळूहळू, फेस उतू जातो), पाण्याने अनेकदा धुवून, कव्हरस्लिपवर वाळवून नॅफ्रॅक्स या राळेत बसवा. त्याचा अपवर्तनांक १.७ च्या आसपास असल्याने रेघा उठून दिसतात. आणखी एक उपयोग सांगतो: प्ल्युरोसिग्मा अँग्युलॅटम या डायटमच्या रेघा सुमारे अर्ध्या मायक्रॉनवर असतात. ४०/०.६५ चा ऑब्जेक्टिव्ह विकत घेताना ही स्लाइड सोबत न्या. प्रकाश नीट लावूनही रेघा सुटत नसतील तर तो ऑब्जेक्टिव्ह परत करा.

फ्लुओरेसन्सला रोग्याच्या थुंकीतल्या क्षयाच्या जंतूंसाठी तोड नाही. ऑरामाइन या चमकणाऱ्या रंगाने रंगवलेला जंतू २० किंवा ४० वर काळ्यात उजळ दिसतो, नेहमीच्या झील-नील्सन रंगपद्धतीला १०० चं ऑइल लागतं, म्हणून तपासणी कितीतरी वेगात होते. पण पानात हरितद्रव्य स्वतःच लाल चमकतं आणि सगळं झाकतं. केवड्याचे तंतू पानाच्या आत बघायचे तर पान आधी पोटॅशमध्ये उकळून रंगहीन करायचं, ॲनिलिन ब्लूने रंगवायचं आणि अतिनील प्रकाशात बघायचं. संशोधनाला उत्तम, रोजच्या निदानाला नको. त्रिनेत्री यंत्र असं घ्या की पुढे एलईडी फ्लुओरेसन्सचा भाग बसवता येईल. जुना पाऱ्याच्या दिव्याचा संच स्वस्तात मिळाला तरी टाळा. १०० वॉटचा दिवा दोन-तीनशे तासांत बदलावा लागतो आणि जास्त वापरला तर फुटू शकतो.

सेम-टेम:
वापरलेला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप घेऊ नका, हे स्पष्ट सांगतो. निर्वात पंप, थंड पाण्याचा फेरा, स्थिर वीज, कंपन नसलेली जमीन आणि वर्षाचा देखभाल करार, हे सगळं तुमच्या खरेदीपेक्षा महाग पडेल. नमुने तयार करायला शिका आणि यंत्र भाड्याने वापरा. आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सामाईक सुविधा बाहेरच्या संस्थांचे नमुने घेतात. देशभरातली यंत्रं आय-स्टेम पोर्टलवर शोधता येतात.

तुम्हाला हवा तो स्कॅनिंग प्रकार, पृष्ठभाग दाखवणारा. ट्रान्समिशनमध्ये (कापातून आरपार बघणाऱ्या प्रकारात) ६०-९० नॅनोमीटरचे काप ३ मिलिमीटरच्या जाळीवर घ्यावे लागतात. पेशीच्या आतलं किंवा विषाणू बघायचा असेल तरच त्या वाटेला जा.

पानाचा नमुना: ५ मिलिमीटरचा तुकडा तोडल्याबरोबर २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये (०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ७.२), ४ अंशांवर रात्रभर. बफरने तीनदा धुवा. मग इथेनॉल ३०, ५०, ७०, ९०, १००, प्रत्येकात १०-१५ मिनिटं, १०० दोनदा. पुढे सुविधेत क्रिटिकल पॉइंट ड्राइंग (आकार न बिघडवता वाळवणं), ॲल्युमिनियमच्या स्टबवर (नमुन्याच्या बैठकीवर) कार्बन टेप आणि ५-१० नॅनोमीटर सोन्याचा थर. शेतातून आणलेलं पान नुसतं वाळवून पाठवलं तर बीजाणू चपटे आणि पेशी कोसळलेल्या दिसतात, आणि ते चित्र रोगाचं नव्हे, वाळवण्याचं असतं. मात्र भुरीचे बीजाणू द्रावणात धुवून जातात, म्हणून एक तुकडा ऑस्मियमच्या वाफेत स्थिर करून घ्या. हे काम धूरकक्षातच, कारण ती वाफ डोळ्यांना इजा करते. ७० टक्के इथेनॉलपर्यंत तुम्ही करून पाठवलं तरी चालतं, बाटली काठोकाठ भरा. धुतलेले डायटम सर्वांत सोपे: थेंब स्टबवर वाळवायचा की झालं.

चित्रात पांढरे पट्टे आले किंवा प्रतिमा सरकू लागली तर नमुन्यावर विद्युतभार साठतोय. थर नीट बसलेला नाही किंवा तुकडा टेपला पूर्ण टेकलेला नाही. कडेला वीजवाहक सिल्व्हर पेंटचा ठिपका लावून स्टबशी जोड द्या, किंवा व्होल्टेज कमी करायला सांगा.

झिओलाइटच्या विश्लेषणाला सोन्याचा थर नको, कार्बनचा सांगा. विश्लेषण नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून होतं, आणि सोन्याची क्ष-किरण रेषा फॉस्फरस आणि गंधक यांच्या रेषांमध्ये घुसते. झिओलाइटमधलं पाणी निर्वातात सुटतं आणि एकाच बिंदूवर इलेक्ट्रॉनची शलाका धरली की सोडियम तिथून सरकतं, म्हणजे आकडा कमी येतो. शलाका पसरवून, कमी प्रवाहावर मोजायला सांगा.

भिंगपेटी:
खरेदी आणि देखभालीचं राहिलं. ऑब्जेक्टिव्हवर १६०/०.१७ असं लिहिलेलं असतं (१६० म्हणजे मिलिमीटरमधली नळीची लांबी) किंवा अनंताची खूण असते. दोन्हींचे आटे बहुधा सारखे, म्हणून एकमेकांच्या यंत्रात बसतात, पण चित्र बिघडतं. तुमच्या जुन्या यंत्रांचे ऑब्जेक्टिव्ह नव्यात वापरायचा बेत असेल तर आधी ही खूण बघा. ०.१७ म्हणजे कव्हरस्लिपची जाडी: १.५ क्रमांकाच्याच घ्या. १ क्रमांकाच्या पातळ असतात आणि ४० वर त्याचा फरक दिसतो. ४० वर स्लाइड फोकस होत नसेल तर ती उलटी ठेवलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

कॅमेऱ्याला २० मेगापिक्सेल मागू नका. ४०/०.६५ वर अर्ध्या मायक्रॉनचा तपशील सेन्सरवर २१ मायक्रॉनचा पडतो, अर्ध्या पटीच्या ॲडॅप्टरने साडेदहा. पाच मायक्रॉनचा पिक्सेल पुरतो. उलट ४ च्या ऑब्जेक्टिव्हला बारीक पिक्सेल लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ऑइल सिंथेटिक, १.५१५ अपवर्तनांकाचं. सीडरवुड वाळून भिंगावर दगडासारखं बसतं. काम संपलं की त्याच दिवशी लेन्स पेपरने टिपा, घासू नका. मग ईथर आणि अल्कोहोल ७:३ मिश्रणाने किंचित ओला केलेला पेपर, मध्यापासून बाहेर गोलगोल. ईथर पेटतं, जवळ बर्नर नको. झायलीनमध्ये भिंग बुडवून ठेवलं तर आतला सिमेंट सुटतो. पावसाळ्यात ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेल निळ्याचं गुलाबी झालं की ११० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू भिंगाच्या आत दिसू लागले तर बाहेरून पुसून उपयोग नाही. आवरण खरवडलं जाण्याआधीच, पहिल्या महिन्यात, उघडून घ्यावं लागतं.